तुरीच्या मुळाशी हिरवे पहारेकरी

दिवाळीच्या सुमारास धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एखाद्या तुरीच्या शेताच्या बांधावर उभे राहा. शेत पिवळ्या फुलांनी भरलेले असते. पण मध्येच एखादे झाड मान टाकून उभे दिसते. काही दिवसांनी त्याच्या शेजारचे! जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मेल्यासारखे वाळते. शेतकरी हळहळतो, "तूर उधळली." पेरणी, खुरपणी, खत असा सारा खर्च झालेला असतो आणि शेंगा भरायच्या वेळीच पीक हातचे जाते.

चोर कोण?

अशा झाडाचे खोड उभे चिरून पाहा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसतील. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका होत. 'फ्युजेरियम उडम' नावाची बुरशी मुळांतून शिरून या नलिका तुंबवते. नळच तुंबल्यावर टाकीत पाणी असून काय उपयोग? यालाच 'मर रोग' म्हणतात. ही बुरशी जुन्या धसकटांत काही वर्षे जिवंत राहते. रोगट झाडावर वरून औषध फवारून ते वाचत नाही, कारण चोर घरात शिरलेला असतो. म्हणून पहारा आधीच बसवायला हवा.

बुरशीवर बुरशी

हा पहारेकरीही बुरशीच आहे, बरे का! तिचे नाव ट्रायकोडर्मा. १९३२ साली रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ही बुरशी मातीतल्या दुसऱ्या रोगकारक बुरशीवर जगते. तिचे तंतू शत्रूच्या तंतूंना वेलीसारखे विळखा घालतात आणि विकरे सोडून त्यांची भिंत विरघळवतात. शिवाय मुळांभोवतीची जागा आणि अन्न ती आधीच बळकावते. एवढेच नव्हे, तर झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते.

थोडा हिशेब

मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. आकडे मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही! बाजारात मिळणाऱ्या ट्रायकोडर्माच्या एक ग्रॅम भुकटीत निदान २० लाख जिवंत बीजाणू असावे लागतात. एक किलो तुरीला ४ ग्रॅम भुकटी चोळली, तर ८० लाख झाले. तुरीचे शंभर दाणे साधारण १० ग्रॅम भरतात. म्हणजे किलोत दहा हजार दाणे. भागाकार करा: दर दाण्यामागे ८०० पहारेकरी! बीजाणूही किती लहान? एका मिलिमीटरच्या अंतरात सुमारे तीनशे बीजाणू ओळीने बसतील.

मात्र हे पहारेकरी जिवंत आहेत, हे विसरू नका. पाकिटावरील मुदत संपलेली असेल, ते उन्हात तापले असेल किंवा त्यात बुरशीनाशक मिसळले असेल, तर ते मरतात. चोळलेले बी सावलीत सुकवून लगेच पेरावे. जमिनीत ओल आणि शेणखत असले, की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. परभणीचे कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) अशी जैविक औषधे तयार करते. एकट्या ट्रायकोडर्मावर विसंबूनही चालत नाही. रोगाला प्रतिकार करणारे वाण हवे आणि पिकांची फेरपालटही हवी. आपल्याकडे तुरीबरोबर ज्वारी घेण्याची जुनी रीत आहे, तिनेही मर कमी होते.

करून पाहा

उधळलेल्या तुरीच्या मुळाजवळची माती दोन कुंड्यांत भरा. एकीत साधे दहा दाणे पेरा, दुसरीत ट्रायकोडर्मा चोळलेले दहा. ऊन, पाणी दोन्हींना सारखेच द्या. दर आठवड्याला जिवंत रोपे मोजून वहीत नोंद करा. नंतर हात साबणाने धुवा आणि ती माती निरोगी शेतात टाकू नका.

दहा दाण्यांवरून ठाम निष्कर्ष निघणार नाही. पण वर्गातल्या वीस जणांनी हाच प्रयोग केला, तर? मग तुमची वही मृग नक्षत्राआधी घरच्या मोठ्यांना दाखवा. पहारा बसवायची वेळ तीच!