पाळीव कुत्र्याचे खाद्य : किलोच्या दरापेक्षा दिवसाचा हिशेब महत्त्वाचा

बंगळुरू : एका कुत्र्याच्या रोजच्या जेवणाला किती खर्च येतो, याचे उत्तर बंगळुरूच्या महापालिकेने जुलै २०२५ मध्ये निविदेच्या कागदावरच मांडले होते. ते होते २२ रुपये ४२ पैसे. शहरातील काही हजार भटक्या कुत्र्यांना चिकन घातलेला भात देण्याची ही योजना वर्षाला २ कोटी ८८ लाख रुपयांची होती. त्या जेवणात १५० ग्रॅम चिकन, १०० ग्रॅम तांदूळ, १०० ग्रॅम भाज्या, १० ग्रॅम तेल आणि थोडे मीठ व हळद असे एकूण ३६७ ग्रॅम अन्न अपेक्षित होते. त्यातून ७५० किलोकॅलरीपर्यंत ऊर्जा मिळेल, असे गृहीत धरण्यात आले होते. ज्या शहरात २०२३ च्या गणनेनुसार २ लाख ७९ हजार भटकी कुत्री आहेत, तेथे अशा खर्चावरून वाद होणे स्वाभाविक होते आणि तो देशभर झालाही.

घरी कुत्रा पाळणाऱ्यांना मात्र या निविदेतून आयतेच एक मोजमाप मिळाले. महागड्या पाकिटांऐवजी असाच भात घरी शिजवून घातला तर चालेल का, हा प्रश्न बंगळुरूइतकाच पुण्या-मुंबईतल्या आणि नागपूरच्या घरांतूनही विचारला जातो.

ऊर्जेपुरते पाहिले तर हे जेवण वाईट नाही. नसबंदी झालेल्या, बेताची हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला ५ किलो वजनास दिवसाला सुमारे ३७५, १० किलोस ६३०, १५ किलोस ८५०, २० किलोस १,०६० आणि ३० किलोस १,४३५ किलोकॅलरी लागतात. वजन दुप्पट झाले म्हणून गरज दुप्पट होत नाही, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. भटक्या कुत्र्याचे सरासरी वजन १५ किलो धरले, तर निविदेतील एक जेवण त्याची बरीचशी गरज भागवते. प्रथिनेही पुरेशी आहेत.

उणीव आहे ती कॅल्शियमची. ७५० किलोकॅलरीच्या आहारात प्रौढ कुत्र्याला जवळजवळ एक ग्रॅम कॅल्शियम मिळायला हवे. हाडांविना चिकन, तांदूळ आणि नेहमीच्या भाज्या मिळून त्याचा जेमतेम दहावा हिस्सा भरतो. रस्त्यावरचा कुत्रा दिवसभरात इतरत्रही काहीबाही खातो. त्याच्यासाठी हे पूरक जेवण आहे. घरातला कुत्रा मात्र आपण देऊ तेवढेच खातो. वर्षानुवर्षे चिकन-भातच मिळाला तर शरीर रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतून ते ओढून घेते. वाढत्या पिल्लाची हाडे त्यामुळे वाकतात, क्वचित साध्या उडीनेही मोडतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या दूध-पोळीची स्थिती प्रथिने व जस्ताच्या बाबतीत याहूनही कमकुवत आहे. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही.

कर्नाटकात यावर नाचणीचा उपाय सुचवला जातो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते हे खरे. पण तिच्यातील फायटेट्समुळे ते सगळे अंगी लागत नाही. अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा अधिक खात्रीचा आणि जवळजवळ फुकटचा स्रोत आहे. कवच उकळून, वाळवून दळले की त्याच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम मिळते. प्रश्न एवढ्याने मिटत नाही. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांचीही तूट राहते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यात पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. त्यामुळे रोज घरीच शिजवायचे असेल तर पशुवैद्यकाकडून खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण ग्रॅममध्ये ठरवून घेणे भाग आहे. बंगळुरूच्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या शासकीय संस्थांच्या रुग्णालयांत असा सल्ला विचारता येतो. घरच्या रोजच्या आमटी-भाजीतील कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक ठरतात. द्राक्षे आणि मनुकाही वर्ज्यच.

ज्यांना एवढे सांभाळणे जमत नाही, त्यांच्यासाठी तयार कोरडे खाद्य अधिक सोयीचे आणि बहुतेकदा अधिक सुरक्षितही आहे. पण येथे ग्राहकाला स्वतःच डोळस राहावे लागते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ माणसाच्या अन्नापुरता आहे; पशुखाद्य त्याच्या व्याख्येतूनच वगळलेले आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११९६८ हे मानक आहे, तेही ऐच्छिक स्वरूपाचे. कर मात्र ऐच्छिक नाही : २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुरांचा चारा करमुक्त राहिला आणि कुत्र्या-मांजरांचे पाकीटबंद खाद्य १८ टक्क्यांच्या गटात गेले.

पाकिटावर सर्वप्रथम शोधायचे ते हे खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ असल्याचे विधान आणि ते कोणत्या वयासाठी आहे याचा उल्लेख. ‘पूरक’ किंवा ‘ट्रीट’ असे लिहिलेले खाद्य स्वस्त पडले तरी मुख्य जेवण म्हणून देऊ नये. त्यानंतर प्रथिने पाहावीत. ‘आफ्को’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी पशुखाद्य नियंत्रकांच्या संघटनेच्या निकषानुसार पाण्याचा अंश वजा करून प्रौढ कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के आणि पिल्लाच्या आहारात २२.५ टक्के प्रथिने हवीत. पाण्याचा अंश वजा करणे महत्त्वाचे, कारण ओल्या ग्रेव्हीच्या पाकिटात ८० टक्के पाणीच असते. त्यावरील ८ टक्के प्रथिने म्हणजे कोरड्या हिशेबाने ४० टक्के. तरीही पोट भरण्यासाठी अशी ढीगभर पाकिटे लागतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ‘चिकन’ पहिल्या स्थानी असले म्हणून भारावून जाण्याचे कारण नाही. ताज्या मांसाचे वजन बहुतांशी पाण्याचे असते. तांदूळ, तांदळाची कणी, मका, मक्याचे ग्लुटेन अशी धान्यांची फोड करून प्रत्येकाला यादीत खाली ढकलण्याचीही पद्धत आहे. दुसरीकडे, धान्याला शत्रू ठरवून विकल्या जाणाऱ्या धान्यविरहित खाद्यासाठी जास्त पैसे मोजावेत असा पुरावा नाही. नीट शिजलेला तांदूळ वा मका कुत्रा उत्तम पचवतो. उलट, कडधान्यांवर भर असलेल्या धान्यविरहित आहाराचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली होती. तो संबंध निर्विवाद सिद्ध झालेला नाही, पण जादा किंमत मोजण्याचे समर्थनही त्यातून निघत नाही.

आता किमतीचा मुद्दा. २०२२ पासून वेष्टनावर किलोचा किंवा ग्रॅमचा दर छापण्याचा नियम आला. त्यामुळे दोन पिशव्यांची तुलना सोपी झाली. पण ती अर्धीच तुलना आहे. पाकिटावर कॅलरी दिलेल्या नसतील तर त्या काढता येतात : प्रथिने आणि कर्बोदके यांची टक्केवारी प्रत्येकी ३.५ ने आणि स्निग्धांशाची ८.५ ने गुणून बेरीज केली की शंभर ग्रॅममधील किलोकॅलरी मिळतात. शंभरातून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, पाणी आणि राख वजा केल्यावर उरतात ती कर्बोदके. राख छापलेली नसल्यास ती ७ ते ८ टक्के धरावी.

उदाहरणादाखल, एका खाद्यात २४ टक्के प्रथिने, १० टक्के स्निग्धांश, ५ टक्के तंतू, १० टक्के पाणी आणि ८ टक्के राख आहे असे समजू. कर्बोदके ४३ टक्के उरतात आणि शंभर ग्रॅममागे सुमारे ३२० किलोकॅलरी मिळतात. दुसऱ्यात २६ टक्के प्रथिने, १६ टक्के स्निग्धांश, ३ टक्के तंतू, १० टक्के पाणी व ७ टक्के राख असेल तर तोच आकडा ३६० होतो. वीस किलोच्या कुत्र्याला पहिले दिवसाला ३३१ ग्रॅम लागेल, दुसरे २९४ ग्रॅम. पहिल्याचा दर किलोला २०० रुपये आणि दुसऱ्याचा २३० रुपये मानला, तर रोजचा खर्च अनुक्रमे ६६ आणि ६८ रुपयांच्या आसपास येतो. दुकानात ३० रुपयांनी महाग दिसलेली पिशवी प्रत्यक्षात दिवसाला दीड रुपयाने महाग आहे. पचनाचा भाग यात धरलेलाच नाही. विष्ठा फार आणि सैल होत असेल तर स्वस्त खाद्याचा बराच वाटा वाया जात आहे, असे समजायला हरकत नाही.

मोठ्या पिशवीचा मोहही कुत्र्याच्या वजनाकडे पाहूनच धरावा. पाच किलोचा कुत्रा दिवसाला साधारण ११७ ग्रॅम खातो. वीस किलोची पिशवी त्याला जवळजवळ सहा महिने पुरेल, आणि उघडल्यावर सहाएक आठवड्यांत स्निग्धांश खवट होऊ लागतो. पावसाळ्यातील दमट हवेत बुरशीची भीती वेगळीच. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अशा दूषित खाद्याने अनेक कुत्री दगावली आणि ते बाजारातून परत मागवावे लागले. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे गोणी फोडून किलोवर विकले जाणारे सुटे खाद्य, ज्यावर ना उत्पादनाचा महिना ना उत्पादकाचा पत्ता, ते कितीही स्वस्त असले तरी टाळलेलेच बरे. खाद्य मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. त्यामुळे तक्रार करण्याची वेळ आली तर बॅच क्रमांकही हाताशी राहतो.

मध्यम मार्गही आहे. रोजच्या कॅलरींपैकी नव्वद टक्के संपूर्ण कोरड्या खाद्यातून आणि उरलेल्या दहा टक्क्यांत उकडलेले अंडे, दही-भात किंवा गाजर दिल्यास संतुलन बिघडत नाही. मांस न शिजवणाऱ्या घरांतही अंडे चालत असेल तर प्रथिनांचा तो सर्वांत किफायतशीर मार्ग ठरतो. वीस किलोच्या कुत्र्यासाठी हे दहा टक्के म्हणजे १०६ किलोकॅलरी, म्हणजेच एक अंडे आणि थोडी भाजी. मात्र तेवढे कोरडे खाद्य कमी करायला हवे. नेमके हेच बहुतेक घरांत होत नाही आणि कुत्रा लठ्ठ होतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात, ही योग्य वजनाची खूण मानली जाते.

नवे खाद्य सुरू करताना जुन्यात चौथाई मिसळून सात दिवसांत प्रमाण वाढवत न्यावे. मूत्रपिंड, यकृत किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला वरील कोणताही हिशेब लागू होत नाही. त्याचा आहार रक्ततपासणी पाहून पशुवैद्यकच ठरवतात.