राखेच्या बुधवारानंतर

उपवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी उभी राहते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही!

छत्रपती संभाजीनगरात निरनिराळ्या उपवासांची गाठ पडते, ती मात्र पाहण्यासारखी. २०२५ सालचेच घ्या. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र. वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला ही रीघ! २ मार्चला रमजानचा पहिला रोजा. आणि ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ लागला. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख त्या दिवशी कपाळी लावतात. आठवड्याच्या अंतराने शहरात दोन प्रकारची भस्मे दिसली म्हणा ना.

तिथून ईस्टरपर्यंत दिवस भरतात शेहेचाळीस. सहा रविवार वगळले की उरतात चाळीस. येशूने रानात काढले तेवढेच. कॅथलिकांचे जुने कडक नियम १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी सैल केले. आता सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. या काळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. पण खरी कसोटी जिभेची नव्हेच. केलेले पाप फादरांच्या कानी घालायचे असते, आणि त्याही आधी येशूची ताकीद आहे की, वेदीपाशी दान आणलेस आणि भावाचे तुझ्याशी वाकडे आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा.

आमच्या शेजारचे मास्तर याच ताकिदीने बेजार झाले होते. गंगापूर तालुक्यातल्या धाकट्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून बिनसलेले. अकरा वर्षे बोलणे नाही. एका शुक्रवारी सकाळी मला म्हणाले, “चला हो सोबत. तुम्ही असलात म्हणजे तो दारातून तरी परतवणार नाही.” मध्यस्थ म्हणून माझी ख्याती नाही, तरी गेलो.

एस.टी.त मास्तर टिळकांविषयी बोलत राहिले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. पुढे दोघे एकत्र आली तेव्हा बाई अजून हिंदूच होत्या, सोवळेओवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करीत होत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. “पाहिलंत? एकमत व्हायच्या आधीच संसार सुरू!” मास्तर म्हणाले. मला वाटते, ते स्वतःलाच धीर देत होते.

भाऊ ओसरीवरच होता. बराच वेळ कुणी बोलेना. मग तो म्हणाला, “हरभरा काढायचा राहिलाय, दादा.” मास्तर म्हणाले, “मजूर मिळत नसतील.” झाले, एवढ्यावर पाणी आले, चहा आला.

“जेवून जा.”

“आज शुक्रवार,” मास्तर चाचरले.

“मग आम्हाला काय गुरुवार आहे?” भाऊ एकदम हसला. “पिठलंच टाकलंय.”

अकरा वर्षे दोघेही एकाच नियमाने शुक्रवार पाळीत होते, आणि तरी एकमेकांचे तोंड पाहत नव्हते!

विहिरीचा विषय निघालाच नाही. परतताना भावाने शेर-दोन शेर हरभरा पिशवीत घातला. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो तेव्हा रोजा सुटत होता, खजुरांच्या गाड्यांपाशी गर्दी होती. मास्तर पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, “पाळीचं पावसाळ्यानंतर बोलू म्हणतो.”