पाणी कुठून येते?

टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळायच्या आणि त्यासाठी डोंगर, घरे, रस्ते हाताने उभारायचे, ही हौस शंभर वर्षांहून जुनी आहे. एच. जी. वेल्स यांचे ‘लिटल वॉर्स’ १९१३ साली आले, तेव्हा लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची घरे आणि खोचलेल्या डहाळ्या एवढ्यावर भागत होते. जगबुडीनंतरचे वाळवंट या टेबलावर बरेच उशिरा उतरले, आणि ते आले पडद्यावरून. ‘मॅड मॅक्स’ १९७९चा, त्याचा दुसरा भाग १९८१चा. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलजवळच्या तांबड्या मातीत चित्रित झालेल्या त्या दुसऱ्या भागाने ओसाडीचा रंग जणू ठरवूनच टाकला. १९९७मध्ये गेम्स वर्कशॉपचा ‘गोर्कामोर्का’ आला, २०१७मध्ये खेळण्यातल्या मोटारींना बंदुका चिकटवून खेळायचा ‘गॅसलँड्स’, आणि २०१८मध्ये संगणकावरच्या ‘फॉलआउट’ची टेबलावरची आवृत्ती. हा सगळा प्रवास पाहिला तर एक गोष्ट खटकते. हात सफाईदार होत गेले, पण ही जागा ओसाड का झाली आणि इथे उरलेली माणसे जगतात कशावर, हे प्रश्न मागे पडत गेले.

सफाईबद्दल वाद नाही. पूर्वी पॅकिंगमधून आलेले थर्माकोलचे तुकडे, प्लॅस्टर आणि चाळलेली वाळू एवढीच सामग्री होती. आता दाट फोमच्या पाट्या मिळतात. चुरगळलेल्या फॉइलचा गोळा त्यांवर दाबला की दगडाचा खडबडीतपणा उमटतो. वर पाणी घातलेला फेव्हिकॉल, त्यावर वाळू, मग गडद रंगाचा हात आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून फिकट रंग. लेझरने कापलेल्या फळ्या आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेले भाग यांनी उरलेली मेहनतही कमी केली. परिणाम असा की कुठल्याही देशातले टेबल पाहा, तोच तिरका खांब, तेच गंजके पिंप, तीच जनावराची कवटी. ‘गोर्कामोर्का’च्या काळात निदान भंगाराला उगम होता. ग्रहावर कोसळलेल्या प्रचंड यानाचे अवशेष वेचणे, त्यासाठी भांडणे, हाच त्या खेळाचा संसार. पिंप तिथे का पडले आहे, याला उत्तर होते. आजचे पिंप बहुधा तयार संचात आले म्हणून पडलेले असते.

या हौसेचा आपला जवळचा नातेवाईक म्हणजे दिवाळीतला किल्ला. विटा, दगड, चिखलात बुडवलेले गोणपाट, वर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि पायथ्यापासून सिंहासनापर्यंत मातीचे मावळे. प्रमाणाचा तिथे आनंदच असतो: पहारेकरी बुरुजाएवढा आणि वाघ हत्तीएवढा. तरीही त्यात एक शहाणपण आहे, जे महागड्या वाळवंटांत दिसत नाही. पोरे टाके खणतात, विहीर करतात, पायथ्याशी शेत आणि बाजार मांडतात, वाट कुठून चढते यावर भांडतात. गड लढवायचा तर आत पाणी हवे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. अलीकडे प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत आणून ठेवला जातो, त्यात टाके असले तर असते, नसले तर नसते. तिथेही हरवते ती वस्तू नव्हे, तिच्यामागचा विचार.

ओसाडीला कारण असते म्हणजे काय, ते कोकणातल्या अंजनवेलमध्ये एका दृष्टिक्षेपात कळते. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळच्या समोर, जांभ्या दगडाचा गोपाळगड उभा आहे. आदिलशाही, शिवाजी महाराज, जंजिऱ्याचे सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे, १८१८मध्ये इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. आज तटाच्या आत आहेत आंब्याची कलमे. म्हणजे किल्ला रिकामा झाला नाही, फक्त त्याचे काम बदलले. याच परिसरातला दुसरा अवशेष याहून विलक्षण. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत बंद पडला. बॉम्ब पडला नव्हता, रोगराई नव्हती. वीज मंडळाला दर परवडत नव्हता, बिलांवरून तंटा लागला, आणि २००१च्या डिसेंबरात एन्रॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. २००५मध्ये नवी कंपनी स्थापन होईपर्यंत कोट्यवधींची यंत्रे समुद्राच्या वाऱ्यात गप्प उभी होती. कुठल्याही खेळाच्या नियमपुस्तकात जगबुडीचे इतके कोरडे आणि इतके खरे कारण सापडणार नाही! असा परिसर टेबलावर उभारायचा तर भिंती पाडायच्या नसतात. चिमण्या सरळ, कुंपण शाबूत, फाटकाला कुलूप आणि रस्त्याच्या कडेला गवत, एवढेच दाखवायचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा खेळ आहे, इतिहासाचा तास नव्हे. टेबलावर आडोसा हवा, मोटारीला वळायला जागा हवी, बाकी शोभा. पण कारण ठरले की आडोशाची जागाही ठरते. पाणी एकाच विहिरीवर असेल तर सगळ्या वाटा तिकडे वळतात आणि चकमक तिथेच होते. कारणावाचून विखुरलेल्या ढिगाऱ्यांत सैनिक कुठेही लपला तरी फरक पडत नाही, म्हणून डाव कंटाळवाणा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: धो धो पावसाच्या कोकणाचा आणि वाळवंटाचा संबंध काय? संबंध सड्याचा आहे. माथ्यावरचा जांभा पाणी धरून ठेवत नाही, वर मातीचा थर जेमतेम. मे महिन्यात तिथे काळपट तांबडा कातळ आणि वाळलेले पिवळे गवत यापलीकडे फार काही नसते, आणि जूननंतर त्याच कातळावर हिरवळ आणि फुले. वाळूचे वाळवंट एकाच ऋतूत अडकते, सडा दोन ऋतूंचे टेबल देतो.

आणि हा ऋतू नियमांतही उतरवता येतो. त्याच दाभोळ प्रकल्पाजवळचे द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल २०१३मध्ये कार्यान्वित झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्याने पुढे बरीच वर्षे पावसाळ्यात जहाजे धक्क्याला लागू शकत नव्हती. इंधनासाठी लढणाऱ्या दोन टोळ्यांच्या डावात हे जसेच्या तसे घ्यावे: पहिल्या आठ फेऱ्यांत जहाज येते, पुढच्या चार फेऱ्यांत येत नाही, आणि साठा किती उरला ते दोघांनाही ठाऊक असते.