सादळवलेली कॉफी

कुरिअरने आलेलं अर्ध्या किलोचं पुडकं मी फोडलं आणि कच्च्या कॉफीच्या बिया ताटात ओतल्या. आई समोर शेंगदाणे निवडत बसली होती. तिने चार बिया तळहातावर घेतल्या, नाकाशी नेल्या, एक दाताखाली धरून पाहिली आणि निकाल दिला, "सादळलंय रे हे. परत कर."

तिचं काही चुकलं नव्हतं. बिया फिकट होत्या, वाळल्या गवताच्या रंगाच्या, आणि रात्रभर भिजत घालून सकाळी उपसल्यासारख्या फुगलेल्या. शेजारच्या वाटीत मी ताडून बघायला साधी प्लांटेशन कॉफी काढून ठेवली होती. तिचे दाणे लहान, घट्ट, निळसर हिरवे; बोटं फिरवली की खडखड वाजत होते. हे नवे दाणे वाजतही नव्हते. वास थोडा गोणपाटाचा, थोडा बरेच दिवस न उघडलेल्या लाकडी कपाटाचा. आमच्या घरी पावसाळ्यात चिवडा सादळतो, पापड सादळतात, पूर्वी काडेपेटी सादळायची. सादळणं हे क्रियापद कुणी कौतुकाने वापरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मी मात्र सादळलेल्या मालाला चांगल्या मालापेक्षा जास्त पैसे मोजून बसलो होतो.

या कॉफीचं नाव मान्सून्ड मलबार. मंगळुरूच्या आसपासच्या किनाऱ्यावर, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, खाऱ्या वाऱ्यात ती मुद्दाम सादळवतात. जगात नावाजलेल्या कॉफ्या बहुतेक जमिनीच्या, उंचीच्या किंवा झाडाच्या जातीच्या जोरावर नाव कमावतात. हिची ओळख गोदामात घडते, मळा सुटल्यावर काही महिन्यांनी.

हिच्या जन्माची गोष्ट व्यापारातली माणसं अशी सांगतात. मैसूर-मलबारची कॉफी युरोपात जायची ती शिडाच्या जहाजांतून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून. चार ते सहा महिने लागत. लाकडी जहाजाच्या पोटात, समुद्राच्या दमट हवेत पोत्यांतला दाणा ओल पीत राही; निघताना हिरवा असलेला माल पोचेपर्यंत पिवळट, फुगीर होई आणि त्याची चवही बदललेली असे. तिकडच्या लोकांनी भारतातली कॉफी म्हणून हीच चव ओळखली होती. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला, आगबोटी सुरू झाल्या, महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. माल हिरवागार आणि ताजा पोचू लागला, तर गिऱ्हाइकं कुरकुरली. विशेषतः नॉर्वे-स्वीडनकडची. त्यांना त्यांची जुनी कॉफी हवी होती, म्हणजे आपल्या हिशेबाने खराब झालेली. तेव्हा किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की जहाजाने सहा महिन्यांत जे केलं, ते आपल्या दारातला पाऊस फुकट करून देईल.

मालाबरोबर गोष्ट विकण्याची चाल कॉफीच्या धंद्यात जुनीच आहे. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, हीसुद्धा अशीच एक. तेव्हा या गोष्टी थोडं हातचं राखून ऐकाव्यात. पण जहाजाच्या गोष्टीला एक जोडीदार आहे. जावाहून डच लोक जी कॉफी नेत, तीही गोदामात आणि जहाजात मुरून तपकिरी व्हायची, आणि 'ओल्ड ब्राऊन जावा' म्हणून तिला वेगळा भाव मिळायचा. दोन वेगळ्या किनाऱ्यांवरून निघालेल्या मालाची एकाच तऱ्हेने चटक लागली असेल, तर समुद्राचा त्यात हात होता असं मानायला माझी हरकत नाही.

मंगळुरूच कशाला, असाही प्रश्न पडतो. पाऊस तर रत्नागिरीलाही तितकाच, आणि मालवणची जुलैमधली हवा कुठल्याही दाण्याला सादळवायला समर्थ आहे. पण मंगळुरूच्या पाठीशी घाट चढला की चिकमगळूर, हासन, कोडगूचे मळे आहेत, आणि त्या मळ्यांचा माल सोलून, चाळून, प्रतवारी लावून जहाजावर चढवणारी क्युअरिंग वर्क्स पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. १८६७ साली, म्हणजे सुएझच्या दोनच वर्षं आधी, सुरू झालेली अ‍ॅस्पिनवॉल कंपनी अजून या धंद्यात आहे. आपल्याकडे कॉफी होते ती चिखलदऱ्याला, मेळघाटात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर. कोकणाकडे वारा आहे, पण कॉफी नाही.

आता करतात कसं ते बघू. भारतात कॉफीचं फळ दोन तऱ्हांनी हाताळतात. एकात ओल्या फळाचा गर यंत्राने काढून, बी धुऊन वाळवतात. त्या मालाला बाजारात प्लांटेशन म्हणतात. दुसऱ्यात फळ सालीसकट उन्हात वाळवून मग फोडतात. कोकणात सुपारी सालीसकट वाळवून नंतर सोलतात, तसंच. या मालाला चेरी म्हणतात, आणि सादळवायला घेतात तो हा चेरी. हिवाळ्यात तोडलेला, वाळवून अकरा टक्क्यांच्या आसपास ओलावा उरलेला, सोलून चाळलेला दाणा पावसाची वाट बघत गोदामात थांबतो.

पाऊस लागला की बाजूंनी मोकळ्या गोदामात, पक्क्या फरशीवर बियांचा थर पसरतात. जाडी बारा ते पंधरा सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या वितेहून थोडी जास्त. छप्पर पक्कं हवं, कारण पावसाचा थेंबही दाण्यावर पडता कामा नये. पण वारा आडवा-उभा खेळला पाहिजे. चार-पाच दिवस दंताळ्याने हा थर सारखा वरखाली करतात. दाण्याने पहिली ओल धरली की गोणपाटाच्या पोत्यांत भरतात, तेही ठासून नाही, सैल. पोत्यांच्या ओळी लावताना मधे वाऱ्याला वाट ठेवायची. मग दर काही दिवसांनी सगळी पोती रिकामी करायची, माल एकत्र कालवायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा ओळी लावायच्या. असं बारा ते सोळा आठवडे.

सगळी मेख या उलथापालथीत आहे. दमट हवेत कॉफीचं पोतं नुसतं सोडून दिलं तर तिची मान्सून्ड मलबार होत नाही, तिला बुरशी धरते. मधला दाणा कोरडा राहतो, कडेचा सडतो, वर टोके पडतात. आपल्या माळ्यावरच्या तांदळाचं जे होतं, तेच. नासणं आणि मुरणं यांच्यात फरक इतकाच की मुरणाऱ्या मालाला कुणीतरी सारखा हात लावत असतं. लोणच्याची बरणी हलवणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

चार महिन्यांनी दाण्यातला ओलावा तेरा ते साडेचौदा टक्क्यांवर जातो. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात दाणा चांगला फुगतो, हिरवा रंग जाऊन पांढरट-सोनेरी होतो आणि मुख्य म्हणजे त्याची आंबट धार बोथट होते. पाऊस सरला की माल पुन्हा चाळतात, पॉलिश करतात, किडीसाठी धुरी देतात. शेवटी निवडायला बसतात त्या बायका. यंत्राच्या चाळणीला आकार कळतो. वारा नीट न लागलेला, अजून हिरवट राहिलेला दाणा मात्र डोळ्यांनीच वेचावा लागतो. पुडक्यावर छापलेल्या परिचयात वारा, समुद्र, जहाजं या सगळ्यांना जागा होती. दंताळं धरणाऱ्या आणि दाणे वेचणाऱ्या हातांना अर्धी ओळही नव्हती.

सगळ्यात मोठ्या दाण्याच्या प्रतीला एए म्हणतात. माझ्या पुडक्यावरही तेच होतं. अरेबिका जातीच्या कॉफीसारखी रोबस्टा जातीचीही सादळवतात, आणि २००७-०८ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, अराकू इथल्या अरेबिकांना आणि वायनाडच्या रोबस्टाला ते मिळायला २०१९ उजाडलं. धुतलेल्या मालात 'मैसूर नगेट्स एक्स्ट्रा बोल्ड' आणि 'रोबस्टा कापी रॉयल' अशी भारदस्त नावांची मंडळी आहेत. ही नावं मला लग्नपत्रिकेतल्या पदव्यांसारखी वाटतात, पण चाळणीचं माप आणि निवडीची कसोशी त्यांच्यामागे खरोखर असते.

चवीवरून मात्र दोन तट आहेत. आजचे कॉफीचे रसिक आंबटपणावर जीव टाकतात. लिंबाची साल, मोगरा, जांभूळ असलं काही कपात सापडलं की खूश होतात. त्यांना मान्सून्ड मलबार म्हणजे ओल्या पोत्याचा वास. इटालियन तऱ्हेची एस्प्रेसो करणाऱ्यांना ती हवी असते, कारण मिश्रणात ती असली की पेयाला जाडी येते, आंबटपणा दबतो आणि वर तांबूस फेसाची साय दाट धरते. माझं मत विचाराल तर दोघेही बरोबर आहेत. ही कॉफी नाजूक नाही. कागदाच्या गाळणीतून पातळ, काळी करून प्याल तर मातीची ढेकळं विरघळवल्यासारखी लागेल. तिला दाब हवा, नाहीतर दूध हवं.

हे शहाणपण मला पुडकं संपत आल्यावर आलं. पहिला घाणा मी लोखंडी कढईत, मोठ्या आचेवर टाकला, शेंगदाणे भाजतात तसा. दाणा सादळून पोकळ, मऊ झालेला. बाहेरून पाच मिनिटांत काळा पडला, आत कच्चाच. रंगावर जाऊ नये हेही तेव्हाच कळलं: हिरवा दाणा भाजताना आधी पिवळा होतो, मग तपकिरी, तेव्हा अंदाज येतो. हा मुळातच पिवळा, त्यामुळे पहिली पायरी चढल्याचं कळतच नाही. दुसरा घाणा मंद आचेवर, उलथनं एकदाही न थांबवता भाजला. साध्या कॉफीचा दाणा तडकतो तेव्हा लाही फुटावी तसा आवाज होतो; हा नुसता फुसफुसला, जणू फुटायचीही त्याला लाज वाटत होती. कोंडा उडून सगळ्या ओट्यावर पसरला. तिसऱ्या घाण्याला कुठे दाणे सारख्या रंगाचे झाले, आणि मी ते दोन दिवस डब्यात ठेवले, कारण भाजल्या दिवशी कॉफी दळली तर चव बसत नाही.

दळून पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात घातली, हलक्या हाताने दाबली, वरून कढत पाणी ओतलं. चिकोरी नाही. वीस मिनिटांत खालच्या भांड्यात काढा उतरला, काळाकुट्ट, काठाला सोनेरी. एक घोट तसाच घेतला. आधी लाकडाचा वास, मग मिरी-लवंगेच्या जवळचं काहीतरी, आणि घोट गेल्यावर जिभेवर बराच वेळ राहणारा जडपणा. आंबट मुळीच नाही. दुधात तो काढा पडला तेव्हा मात्र माझी खात्री पटली. दूध त्याच्यावर चढलं नाही, आणि तोही दुधाखाली बुडाला नाही.

आईला कप दिला. तिच्या लेखी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोड्याची, पाहुणे आले की किंवा कोजागिरीचं जागरण झालं की करायची. ती एक घोट प्यायली, काही बोलली नाही. उठून मांडणीवरची छोटी किसणी काढली, डब्यातलं जायफळ घेऊन दोनदा कपावर फिरवलं आणि पुन्हा प्यायली.

"तुझ्या त्या सादळलेल्या बिया का?"

"हो."

"उरल्या असतील तर डब्याचं झाकण घट्ट लाव," ती म्हणाली. "पाऊस आहे बाहेर."