भांडखोर माशांचा शेजार

मोठ्या माशाने लहान माशास गिळावे, याला आपल्या जुन्या ग्रंथांनी 'मात्स्यन्याय' असे नाव दिले आहे. राज्यात दंडाचा धाक नसेल तर बलवान मनुष्य दुर्बळाला गिळून टाकील, हे सांगण्यासाठी कौटिल्याने अर्थशास्त्रात हाच शब्द योजला. परंतु ज्यांनी घरी काचेच्या टाकीत मासे पाळले आहेत, त्यांना आणखी एक अनुभव येतो. सारख्याच आकाराचे, पोट भरलेले दोन मासे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पर फाडतात, आणि एकजण मरेपर्यंत थांबत नाहीत. येथे कोणी कोणाला खात नाही. भूक आणि भांडण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात आले म्हणजे आक्रमक माशाला सोबती निवडण्याचे निम्मे काम झाले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे कारखान्यांबरोबर सदनिकांची वस्ती वाढली. सदनिकेत गाय-म्हैस तर सोडाच, कुत्रे पाळणेही जड जाते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक टाकी मात्र मावते. दुकानात बोटभर लांबीचा ऑस्कर मोठा गोजिरवाणा दिसतो. त्याच्याबरोबर रंगीत म्हणून आठ-दहा निऑन टेट्रा घरी येतात, आणि थोड्याच दिवसांत टाकीत एकटा ऑस्कर उरतो. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील मासा. तो वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. निऑन टेट्रा जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. ऑस्करच्या लेखी तो शेजारी नसून घास आहे. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: हा सोबती त्या माशाच्या तोंडात मावेल काय? आणि हे माप आजच्या तोंडाचे न घेता पूर्ण वाढलेल्या तोंडाचे घ्यावे.

दुसरा प्रश्न जागेचा. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी प्रवाळांतील रंगीबेरंगी माशांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा विचार मांडला. हे मासे परक्या जातीपेक्षा स्वजातीयांवरच अधिक त्वेषाने तुटून पडतात, असे त्यांना दिसले. कारण उघड आहे. जो माझ्यासारखाच आहे, त्याला माझेच अन्न आणि माझीच कपार हवी. समुद्रात पराभूत मासा पळून दुसरीकडे जातो. टाकीत पळायला चार काचांपलीकडे वाट नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही आपली म्हण दोन नर फायटर माशांना तंतोतंत लागू पडते. इतकेच काय, लांब रंगीत शेपटीचा गप्पी दिसला तरी फायटर त्याला आपला प्रतिस्पर्धी समजण्याचा संभव असतो. तेव्हा सोबती जातीने, रूपाने आणि वावरण्याच्या जागेने वेगळा असावा. मोठ्या टाकीत ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलर माशांचा थवा सहसा नांदतो, तो याच कारणाने: ते अंगाने रुंद व चपळ, मधल्या पाण्यात फिरणारे, आणि तळातील खड्ड्यावर हक्क न सांगणारे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी मानवते. ऑस्करचे मूळ पाणी मऊ. स्वभाव जुळले तरी पाणी जुळले नाही तर एकाची प्रकृती ढासळते, आणि दुबळा दिसणारा मासा इतरांच्या माऱ्याचे लक्ष्य होतो. आपल्याकडे नळाला पवनेचे पाणी येते, तर कूपनलिकेचे पाणी बहुधा त्याहून जड असते; आपण टाकीत कोणते घालतो हे आधी पाहावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकणे तर कोणत्याही माशासाठी आवश्यकच.

चौथा प्रश्न टाकीच्या मापाचा, आणि तो साध्या गणिताचा आहे. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ३४० लिटर. पहिलीत मोठा ऑस्कर एकटासुद्धा सुखाने राहणार नाही. दुसरीत सोबत्याचा विचार करता येईल. नवा मासा सोडताना टाकीतील दगड हलवून नवी मांडणी करावी, म्हणजे जुन्या माशाची हद्द मोडते आणि दोघेही नवखे ठरतात. आडोसे भरपूर ठेवावेत, दिवा मालवावा, आणि सर्वांत भांडखोर मासा शक्यतो सर्वांत शेवटी सोडावा.

काही ठिकाणी संख्येनेच भांडण निवते. टायगर बार्ब दोन-तीन ठेवले तर ते एंजल माशाचे लांब पर कुरतडतात. आठ-दहा ठेवले तर बहुतेक कुरबुर आपसांतच मिटवतात. तरीही एंजल त्यांच्यापासून दूर ठेवणेच बरे. आणि काही माशांना सोबतीच नको असतो. १९९०च्या दशकात मलेशियात संकराने तयार झालेला फ्लॉवरहॉर्न हा त्यांतला. भाग्याचा म्हणून पुष्कळजण तो आणतात. त्याला एकटाच ठेवावा. एकटेपणाने तो झुरत नाही.

हे सर्व प्रश्न विकत घेण्यापूर्वी का विचारायचे, याचे खरे कारण टाकीच्या बाहेर आहे. निवड चुकली, मासा आवरेना, की 'जीव आहे, मारायचा कशाला' म्हणून कोणी तो पवनेत नाहीतर इंद्रायणीत सोडतो. त्यात पुण्य वाटते. परंतु पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, इंद्रायणीही तुळापूरला भीमेलाच, आणि हे सारे पाणी उजनीत जाते. त्याच उजनीत आज विपुल सापडणारी चिलापी ही ऑस्कर व फ्लॉवरहॉर्नच्याच कुळातली परदेशी मासळी. चिलापीची पहिली जात १९५२ साली भारतात मुद्दाम आणली गेली. पुढे हे मासे देशभरच्या जलाशयांत पसरले, आणि आता ते परत गोळा करता येत नाहीत. टाक्यांतून सुटलेला सकर मासाही देशातील अनेक जलाशयांत असाच शिरला आहे. टाकीतले भांडण काचेत तरी मावते. नदीत सोडलेल्या भांडखोराला आवरणारा कोणी नाही, आणि तेथे हार खावी लागते ती आपल्या देशी माशांना. म्हणून नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या शौकिनाला द्यावा. तेही जमणार नसेल, तर तो मुळात आणूच नये.