पाहुण्याचें व्याख्यान आणि गांवचें काम

दिवाळी सरून कापूस वेचणीस आला कीं आमच्या भागांत पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचें एखादें सेवामंडळ गांवांत येण्याचें ठरतें. शाळेच्या पटांगणांत मंडप पडतो. पाहुण्यांस शाल, श्रीफळ व हार अर्पण होतात. व्याख्यान होतें, एखादें रोप लावलें जातें, आभार मानले जातात, आणि मंडळी चहा घेऊन परततात. दुसऱ्या दिवशीं मंडपाचे बांबू निघतात. त्यानंतर गांवांत काय उरलें, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आमची हयात गेली. जमा लिहिली कीं बाकी काढल्याखेरीज आम्हांस चैन पडत नाहीं. म्हणून तो हिशेब आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

यास निमित्तही घडलें. आमचें वडनेर भोलजी हें नांदुरा तालुक्यांतील, मलकापूर-नांदुरा मार्गावरील गांव. येत्या उन्हाळ्यांत शिवारांतील नाल्याचा गाळ काढण्यासाठीं बाहेरच्या एखाद्या सेवामंडळाची मदत मागावी कीं नाहीं, असा प्रश्न परवां चार शेतकरी बंधूंत निघाला. तरुण मंडळी म्हणाली, मिळतें तें घ्यावें. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "असे पुष्कळ आले नि फोटो काढून गेले; आपला नाला होता तेथेंच आहे." दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच विषयाचा थोडा मुळापासून विचार केला पाहिजे.

सेवामंडळांची ही चाल मूळची अमेरिकेंतील. शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं तीन स्नेह्यांस जमवून जें मंडळ काढलें, तेंच रोटरी. आळीपाळीनें एकेका सभासदाच्या कचेरींत बैठक भरे, म्हणून फिरतें या अर्थाचें हें नांव पडलें. पुढें १९१७ सालीं त्याच शहरांतील मेल्विन जोन्स यांच्या प्रयत्नानें लायन्स मंडळें एकत्र आलीं. नेमानें बैठक भरवावी, बाहेरच्या जाणत्या पाहुण्यास बोलवावें, त्याचें ऐकावें, आणि वर्षांत कांहीं लोकोपयोगी काम पदरीं घ्यावें, अशी या मंडळांची रीत आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गांवांपर्यंत आतां त्यांच्या शाखा पोहोंचल्या आहेत.

पाहुण्याच्या व्याख्यानांतून काम कसें उभें राहतें, याचा एक दाखला सांगण्याजोगा आहे. हेलन केलर ही अमेरिकन बाई लहानपणींच्या आजारानें आंधळी व बहिरी झालेली. १९२५ सालीं ओहायो प्रांतांत लायन्स मंडळांचें अधिवेशन भरलें असतां तिला पाहुणी म्हणून बोलाविलें होतें. तिनें सभेची स्तुति करून आभार मानले असते, तर टाळ्या पडून प्रसंग संपला असता. परंतु तिनें एकच मागणें मागितलें: अंधांचा कैवार तुम्ही घ्या. मंडळानें तें स्वीकारलें, आणि तेव्हांपासून आजतागायत दृष्टीची सेवा हें त्यांचें मुख्य काम होऊन बसलें. मोतीबिंदूच्या शिबिरांत आपल्या गांवच्या ज्या म्हाताऱ्या माणसांस पुन्हां सुईंत दोरा ओवतां येऊं लागला, त्यांनीं त्या बाईचें नांवही ऐकलें नसेल. पण ऋण तिचेंही आहे. तिचें मागणें एक होतें, नेमकें होतें, आणि ऐकणाऱ्यांच्या आटोक्यांतलें होतें.

रोटरीचेंही असेंच. जगांतून पोलिओ घालविण्याचें काम तिनें १९८५ सालीं हातीं घेतलें. आपल्या देशांत त्या रोगाचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालच्या हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं हिंदुस्थानासह हा सारा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. अर्थात् हें श्रेय एकट्या मंडळाचें नव्हे. सरकारचें, जागतिक आरोग्य संघटनेचें, आणि घरोघर फिरून मुलांच्या तोंडांत दोन थेंब घालणाऱ्या बायांचें तें आहे. पण एकच काम धरून पंचवीस वर्षें तें न सोडण्याचा गुण घेण्यासारखा आहे. आमच्याकडे एका वर्षीं झाडें, दुसऱ्या वर्षीं दप्तरें, तिसऱ्या वर्षीं घोंगड्या, असें चालतें, आणि चौथ्या वर्षीं पहिल्याची आठवण राहत नाहीं.

व्याख्यानाची आवड आपणांस परक्यांकडून शिकावयास नको. पुण्यास न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला १८७५ सालीं सुरू झाली, ती अद्याप चालू आहे. आणि आमच्या वऱ्हाडानें तर सर्व पाहुण्यांत श्रेष्ठ असा पाहुणा पाहिला. अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवचे गाडगे महाराज हातांत खराटा घेऊन गांवांत शिरत. प्रथम दिवसभर ते गांव झाडीत. लोक लाजेनें का होईना, हातीं झाडू घेत. आणि रात्रीं मग कीर्तन होई. कीर्तनांतही ते स्वतः थोडें बोलत व श्रोत्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. त्यांच्या झोळींत पडलेल्या पैशाच्या धर्मशाळा पंढरपुरास, नाशकास, आळंदीस उभ्या राहिल्या. १९५६ सालीं महाराज निवर्तले, पण क्रम घालून गेले: काम आधीं, बोलणें मागाहून. आमच्या आजच्या समारंभांत हा क्रम उलटा झाला आहे, आणि रोग तेथेंच आहे.

येथें आमच्याच पदरची एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. नोकरींत असतांना एका गांवीं रस्त्याकांठीं झाडें लावण्याचा मोठा समारंभ झाला. पाहुणे आले, भाषणें झालीं. लावलेल्या रोपांचा आंकडा वर पाठविण्याचें काम आमच्याकडे होतें. आम्ही तो पाठविला. पुढल्या वर्षीं जिवंत रोपांचा तक्ता मागविण्यांत आला. भर वैशाखांत आम्ही स्वतः त्या रस्त्यानें गेलों होतों. आळीं होतीं, कुंपणाच्या काट्या होत्या, रोपें नव्हतीं. तरीही मागील आंकड्यास शोभेल असाच आंकडा आम्ही भरला, कारण तसा भरण्याची वहिवाट होती. त्या कागदावरील झाडें अद्याप हिरवीं असतील. त्याखालीं अक्षर आमचें आहे, आणि तें आठवलें म्हणजे आम्हांस दुसऱ्या कोणास नांवें ठेवण्याचा धीर होत नाहीं. पाहुणा फोटो काढून गेला हें खरें. पण पाणी घालावयास तो राहणार नव्हता, हें आपणां सर्वांस तेव्हांही ठाऊक होतें.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील चांगलीं उदाहरणें पाहूं. अभिनेते आमिर खान यांनीं काढलेल्या पाणी फाउंडेशननें २०१६ ते २०१९ या वर्षांत गांवागांवांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा लावली. तिची रीत अशी, कीं आधीं गांवचींच कांहीं माणसें शिकावयास जात. शिकून आलेल्यांनीं गांवास शिकवावें, आणि मग ठरलेल्या मुदतींत श्रमदान व्हावें. २०१८ सालीं ही मुदत ८ एप्रिल ते २२ मे अशी पंचेचाळीस दिवसांची होती. आमच्या शेजारच्या मोताळा तालुक्यांतील सिंदखेड या गांवानें त्या वर्षीं सबंध महाराष्ट्रांत दुसरा क्रमांक सातारा जिल्ह्यांतील भांडवलीबरोबर वांटून घेतला. येथें व्याख्यान झालें, पण तें चर कसा आंखावा, उतार कसा मोजावा, याचें. आणि ऐकणाऱ्यांच्या हातीं दुसऱ्याच महिन्यांत कुदळ आली.

दुसरें उदाहरण गाळाचें. राज्यशासनानें २०१७ सालीं "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना काढली. २०१८ सालीं भारतीय जैन संघटनेनें बुलढाणा जिल्ह्यासाठीं शंभराहून अधिक माती खोदणारीं यंत्रें दिलीं. त्यांत वांटणी स्वच्छ होती: यंत्र संस्थेचें, इंधनाचा खर्च शासनाचा, आणि गाळ आपल्या शेतांत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. त्याच सुमारास महामार्गाच्या रुंदीकरणास लागणारा मुरूम व माती टेकड्या फोडून न घेतां तलाव, नाले व नद्या खोल करून घेण्याची पद्धत आपल्या जिल्ह्यांत पडली, ती "बुलढाणा पॅटर्न" या नांवानें बाहेरही गाजली. रस्त्यास भराव मिळाला, गांवास खोदाईचा खर्च न पडतां पाण्यास जागा झाली. या साऱ्यांत कोणी कोणावर उपकार केला नाहीं. प्रत्येकाचा वांटा होता, म्हणून प्रत्येकाचें लक्षही होतें.

शेतकऱ्याच्या वांट्याचा हिशेब आधींच करून ठेवावा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर चार इंच जाडीचा थर द्यावयाचा तर १४,५२० घनफूट, म्हणजे सुमारें १४५ ब्रास गाळ लागतो. एक ब्रास मावणारी ट्रॉली धरली तर एकरास १४५ खेपा झाल्या. भाडें ज्याच्या त्याच्या गांवच्या दरानें लावावें. उलट बाजूस, तेवढा गाळ निघाल्यानें नाल्यांत एका भरण्यास चार लाख लिटरांहून अधिक पाण्याची जागा होते. २०२३ सालापासून लहान शेतकऱ्यांस या वाहतुकीसाठीं एकरीं १५,००० रुपयांपर्यंत, व अडीच एकरांच्या मर्यादेंत अधिकांत अधिक ३७,५०० रुपये अनुदान ठेवण्यांत आलें. वरील खेपांवर हें वांटलें तर खेपेस शंभराच्या आसपास रुपये पडतात, बाकी पदरची. अटी बदलत असतात, त्या अर्ज करण्यापूर्वीं कचेरींत ताज्या विचारून घ्याव्या.

गाळ म्हणजे सरसकट सोनें, असेंही समजूं नये. मुरमाड, बरड, उथळ रानास तो खरा मानवतो; तेथें ओल धरण्याची शक्ति वाढते. भारी काळ्या चिकण जमिनींत तोच टाकला तर आधींच पाणी न मुरणारी जमीन अधिकच चिबड होण्याची भीति. शिवाय आमच्या तालुक्याचा पूर्णाकांठचा भाग खारपाणपट्ट्यांत मोडतो; तेथील गाळांत क्षार असतील तर चांगलें रान बिघडावयाचें. म्हणून चार-पांच ठिकाणचा गाळ घेऊन त्याचा नमुना जळगांव जामोदच्या कृषि विज्ञान केंद्रांत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत दाखवून सामू व क्षार तपासून घ्यावे, आणि मगच ट्रॉली जुंपावी. खोदतांना बंधाऱ्याच्या पायाजवळची माती हालवूं नये, आणि गाळाखालचा मूळ थर लागला कीं थांबावें.

आतां मूळ प्रश्न: सेवामंडळास बोलवावें कीं नाहीं? आमचें मत असें कीं अवश्य बोलवावें, पण आपल्या अटीवर. गांव "दत्तक" घेतल्याची भाषा अलीकडे फार ऐकूं येते. आमचें गांव निपुत्रिकाच्या दारीं उभें असलेलें पोरकें पोर नव्हे. शहराच्या ताटांतील तूर व अंगावरील कापूस आमच्या रानांतून जातो. आम्हांस पालक नको, भागीदार हवा. आणि भागीदारींत दोहों बाजूंचें भांडवल लिहिलेलें असतें.

त्यासाठीं आम्ही पुढील नियम सुचवितों. पहिला, पाहुण्यास बोलावण्यापूर्वीं गांवानें एकच काम ठरवावें, आणि पत्रांत तें नेमकें लिहावें: कोणता नाला, किती लांबी, किती ब्रास. दुसरा, आपला वांटा पाहुणा येण्याआधीं सुरू झालेला असावा; निदान गाळ नेणाऱ्यांची यादी सह्यांसह तयार असावी. तिसरा, व्याख्यान अर्धा तास आणि प्रश्न एक तास असावे. व्याख्याता मातीचा वा पाण्याचा जाणकार असावा, आणि त्यास आधीं शिवार दाखवून मगच व्यासपीठावर न्यावें. चौथा, हार-शालींचा खर्च कापून तो नमुना-तपासणीकडे लावावा. पांचवा, कामाची वही ग्रामपंचायतींत सर्वांस पाहतां येईल अशी ठेवावी. आणि सहावा, बरोबर एका वर्षानें त्याच पाहुण्यास पुन्हां बोलवावें, व हार न घालतां नाल्याकांठीं उभें करून काय राहिलें व काय वाहून गेलें तें दाखवावें. हा सहावा नियम सर्वांत अवघड आहे, आणि त्यावांचून बाकीच्या पांचांस अर्थ नाहीं.

वही लिहिण्याचें काम आम्ही अंगावर घेतलें आहे. अक्षर अद्याप बरें आहे, आणि फेडावयाचें देणेंही जुनें आहे. या वहींत किती ब्रास निघाला, कोणाच्या रानांत किती पडला, हें लिहिलें जाईल; आणि जें झालें नाहीं त्यापुढें "झालें नाहीं" असेंच लिहिलें जाईल. त्या वयस्क गृहस्थांस आम्ही हें सांगितलें, तेव्हां ते कांहीं वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "पहिलें नांव माझें घाला. दोन एकर बरड आहे माझें." यादी तेथून सुरू झाली आहे. पाहुण्यास पत्र अजून गेलेलें नाहीं. यादीवर वीस नांवें झाल्यावर तें जाईल. इतर गांवच्या बंधूंनींही आपापल्या शिवारांत अशी यादी करून पाहावी.