शाळूचं चित्र काढायचं तर

मोहोळच्या काळ्या रानात पेरणी वेळेवर झाली असेल, तर थंडी भरात असताना शाळू निसवतो. कणीस पोटरीतून बाहेर येतं आणि फुलायला लागतं ते शेंड्याकडून. मग फुलोरा रोज थोडा थोडा खाली उतरतो. शेंड्याची फुलं सुकून जातात तेव्हा बुडाची अजून मिटलेली असतात. सगळं कणीस एकदम फुललंय असा क्षण ज्वारीच्या आयुष्यात येतच नाही.

आता कुणी चित्रकाराला म्हटलं, या ज्वारीचं असं चित्र काढ की ते पाहून दुसऱ्या टोकाच्या देशातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला झाड ओळखता आलं पाहिजे. तर त्यानं कुठला दिवस निवडायचा? एकही नाही. वनस्पतिचित्रात एकाच कागदावर पोटरीतलं कणीस असतं, फुललेलं असतं, दाणा भरलेलंही असतं; शेजारी ताटाला बिलगलेलं पान आणि कोपऱ्यात उभा चिरलेला दाणा. कित्येक आठवड्यांचा काळ एका पानावर! असं झाड कुठल्याच शेतात उभं नसतं, आणि तरीही चित्र खोटं नसतं. अळीनं पानाला पाडलेलं भोक चित्रकार गाळतो, कारण ते त्या एका ताटाचं दुखणं. कुसळ मात्र गाळून चालत नाही.

कणसाचा तुकडा भिंगाखाली धरला की खरी गंमत सुरू होते. एरवी नुसता भुसा वाटावा अशा त्या पसाऱ्यात जोड्या लागलेल्या दिसतात. एक फुलोरी थेट फांदीला चिकटलेली, तिच्यात दाणा धरतो. तिच्याच बगलेला बारीक देठावर दुसरी, जिच्यात सहसा दाणा धरत नाही. फांदीच्या अगदी टोकाला जोडीचं त्रिकूट होतं. पिढ्यान्‌पिढ्या हुरडा खाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हे पाहिलंय? चित्रकाराला पाहावंच लागतं, कारण रेघ ओढायची तर ती कुठून निघते आणि कुठं संपते हे आधी ठरवावं लागतं. फोटोत जे धूसर राहिलं ते धूसर म्हणून खपून जातं. चित्रात ती सोय नाही. कर्कटकानं मापं घ्यायची, प्रकाश डाव्या हाताला वरून येतोय असं धरून सावली द्यायची आणि शेजारी मापाची छोटी पट्टी काढायची, म्हणजे छापताना चित्र लहानमोठं झालं तरी फूल केवढं ते कळतं.

मोहोळला तर याचं अगत्य जास्तच असायला हवं. रब्बी ज्वारीचा अजूनही पेरला जाणारा जुना वाण, मालदांडी ३५-१, इथल्याच संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडला गेला.

रंगाचं दुखणं वेगळंच. तोडलेलं फूल काही तासांत उतरतं. १८०१ साली ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या फर्डिनांड बावर या चित्रकारानं त्यावर अफाट तोड काढली होती. जागेवर फक्त पेन्सिलीचं रेखाटन करायचं आणि प्रत्येक भागावर रंगाचा आकडा घालायचा. जवळजवळ हजार छटांना त्यानं क्रमांक दिले होते! पुढं लंडनमध्ये बसून, फूल समोर नसताना, त्या आकड्यांवरून त्यानं चित्रं रंगवली.

अशा चित्रांचं वजन किती असतं, तर नारळाचं शास्त्रीय नाव चित्रांवर उभं आहे. प्रत्येक नावामागं एक ठरलेला नमुना लागतो, सहसा वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी. लिनियसनं १७५३ मध्ये नारळाला ‘कोकोस न्यूसिफेरा’ म्हटलं. त्याचा नमुना म्हणून अभ्यासकांनी पुढं मुक्रर केली ती ‘होर्तुस मलबारिकुस’मधली चित्रं. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हेडे यानं करवून घेतलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्याला साह्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलंय. आता नियम कडक झालेत. २००७ पासून नव्या फुलझाडाला नाव द्यायचं तर खरा नमुनाच लागतो. जुन्या नावांची चित्रं मात्र कायम आहेत.

आपल्या मुलखातलं मोठं काम दापोडीचं. मोहोळवरून मुंबईला जाणारी गाडी पुणे सोडल्यावर ज्या दापोडीवरून धावते, तिथं १८२८ पासून कंपनी सरकारची वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर तिचा अधीक्षक. १८४७ ते १८५० च्या सुमारास त्यानं बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. त्यांतली १७३ आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत. दीडशे वर्षं ती जवळजवळ विस्मृतीतच होती. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ काढला, तेव्हा कुठं ती लोकांपुढं आली.

ही चित्रं काढणारा पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच त्याची ओळख उरली आहे. गोव्याकडचा असेल, वसईकडचाही असेल. गिब्सनचं नाव कोरांटीच्या एका भाऊबंदाला मिळालं, ‘बार्लेरिया गिब्सोनी’. चित्रकाराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. मला त्या तीन वैद्यांचा हेवा वाटतो तो इथं. त्यांची नावं निदान त्यांच्याच लिपीत छापली गेली.